सबस्क्राईबर चाळीस हजार, वर्गणीदार एकही नाही

(ज्यांना ऐकायला सवड नाही त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याचा सूर तसाच ठेवलाय, अडखळणं तेवढं काढलंय.)

आजचा विषय व्हिडिओ बनवणाऱ्यांचा आहे. पण तुम्ही नुसते बघणारे असाल तरी थांबा, कारण यातला अर्धा प्रश्न तुमच्या खिशाशी येऊन ठेपतो.

तालुक्याच्या गावात राहून, एकट्याच्या जिवावर व्हिडिओ करणाऱ्या माणसाने कशा प्रकारचे व्हिडिओ करावेत? आणि त्याचे पैसे कोणाकडून घ्यावेत? बहुतेक जण हे दोन वेगळे प्रश्न धरून चालतात. आधी चॅनल चालू दे, पैशाचं नंतर बघू. मला वाटतं हा एकच प्रश्न आहे. पैसे कोण देतोय त्यावर व्हिडिओ किती लांब होणार, कशावर होणार, कोणत्या बोलीत होणार हे ठरत जातं. तुम्ही ठरवलं नाही तर ते आपोआप ठरतं, आणि ते जास्त वाईट.

उदाहरणासाठी कळवण घेऊ. समजा, तिथे एका तरुणाचं चॅनल आहे. कळवण आणि अभोण्याच्या बाजारातले कांद्याचे भाव, चणकापूर धरणाचं आवर्तन, सप्तशृंगी गडावरचा चैत्रोत्सव, पाड्यांवरच्या शाळा आणि रस्ते, मधूनच अहिराणीत थोडी गंमत. चाळीस हजार सबस्क्राईबर. हा तरुण मी कल्पनेतला घेतलाय, आकडेही समजुतीपुरते आहेत. पण असं चॅनल तुमच्या तालुक्यातही असेल. त्याच्यापुढे आज दोन वाटा आहेत: रोज एक मिनिटाचे तुकडे टाकत राहायचं, की महिन्याला दोन नीट, लांब व्हिडिओ करायचे आणि बघणाऱ्यांकडे उघडपणे पैसे मागायचे.

जाहिरातीचा पैसा कसा चालतो

आधी नेहमीचा रस्ता समजून घेऊ. यूट्यूबच्या जाहिरातींतला वाटा हवा असेल तर १,००० सबस्क्राईबर लागतात, आणि सोबत मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं गेलेलं असावं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या उत्पन्नातले ५५ टक्के बनवणाऱ्याला मिळतात. शॉर्ट्सचं गणित वेगळं आहे. तिथे १ फेब्रुवारी २०२३ पासून वाटा मिळू लागला. जाहिरातींचा पैसा एकत्र जमा होतो, व्ह्यूजप्रमाणे विभागला जातो, आणि बनवणाऱ्याच्या वाट्याला आलेल्या रकमेतले ४५ टक्के त्याच्या हातात पडतात.

आता गंमत बघा. जाहिरातदार व्हिडिओचे पैसे देत नाही, बघणाऱ्याच्या खरेदीच्या ताकदीचे देतो. मुंबईत इंग्रजीत शेअर बाजार समजून घेणारा प्रेक्षक आणि कळवणला मराठीत कांद्याचा भाव बघणारा प्रेक्षक, दोघांनी दहा-दहा मिनिटं दिली तरी त्यांच्या मिनिटांचा दर सारखा नसतो. समजा, आपल्या तरुणाला हजार व्ह्यूजमागे ३० रुपये हातात पडतात. म्हणजे १ लाख व्ह्यूजला ३,००० रुपये. त्यातून पेट्रोल, डेटा, माईक, आणि लॅपटॉपवर काढलेल्या रात्री.

मग तो काय करणार? व्ह्यूज वाढवणार. पण २०११ च्या जनगणनेत कळवण तालुक्याची लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास होती. त्यातली लहान मुलं, म्हातारी माणसं, फोन नसलेली माणसं वजा करा. दर महिन्याला लाखो व्ह्यूज हवे असतील तर ते तालुक्याबाहेरूनच आणावे लागतात. आणि बाहेरच्या माणसाला चणकापूरच्या आवर्तनाशी काय देणंघेणं? त्याला भांडण हवं, विनोद हवा, पुढाऱ्याची फजिती हवी. हळूहळू चॅनलवरचं नाव कळवणचं राहतं आणि आतला माल कुठलाही होतो.

कांद्याचंच घ्या. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, ती ४ मे २०२४ ला उठली. अशा बातमीच्या दिवशी संतापाचा एक मिनिटाचा तुकडा जोरात पळतो. पण ज्याच्या शेतात कांदा उभा आहे त्याला पुढचे पाच महिने वेगळीच माहिती हवी असते. आता विकू की चाळीत भरू, जवळच्या कोणत्या बाजारात आवक कमी आहे, वाहतूक धरून हातात काय उरेल. हा व्हिडिओ पाच हजार लोक बघतील. त्या पाच हजारांसाठी तो लाखमोलाचा असेल, पण जाहिरातीच्या हिशेबात त्याची किंमत दीडशे रुपये. ही विसंगती नीट लक्षात ठेवा, बाकीचं सगळं तिच्यातूनच येतं.

साठ-सत्तर किलोमीटरवर हा धडा आधीच घडलाय

कळवणहून देवळामार्गे मालेगावला जा. पैसे देणारा कोण यावर सिनेमाचं रूप कसं ठरतं, हे याहून चांगलं कुठे दिसणार नाही.

नासीर शेख तिथे व्हिडिओ पार्लर चालवायचे. २००० साली त्यांनी स्थानिक मित्रांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ केला, साधारण पन्नास हजार रुपयांत. घोड्यांच्या जागी सायकली. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ झाला, ज्यातला नायक तंबाखूच्या विळख्याशी लढतो. त्याचं चित्रीकरण चालू असताना फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ चित्रपटगृहांत आला. त्यामुळे ही गोष्ट आता पुष्कळांना माहीत आहे.

पण गोष्टीतला हिशेब कोणी फारसा सांगत नाही. प्रेक्षक कोण? यंत्रमागावर राबणारे कामगार. सुट्टी शुक्रवारची. पैसे कसे येणार? पार्लरच्या तिकिटातून. म्हणजे सिनेमा असा हवा की थकलेल्या माणसाने एका सुट्टीच्या दिवशी त्यासाठी खिशातून नोट काढावी. म्हणून सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट घेतली, ती आपल्या गल्लीत आणली आणि आपल्या बोलीत बोलली. विडंबन हा त्यांचा नुसता छंद नव्हता, त्या तिकीटबारीला बसणारा तो प्रकार होता. बघणारा आणि पैसे देणारा एकच माणूस होता, म्हणून सिनेमा मालेगावचा राहिला.

पुढे व्हीसीडी घरोघर गेल्या, नकला निघाल्या, मग हातात मोबाईल आला. पार्लरची तिकीटबारी गेली. याच मालेगावातून मग यूट्यूबवर खानदेशी विनोदी व्हिडिओ आले आणि ते कोट्यवधी वेळा पाहिले गेले. माणसं तितकीच हुशार, बोली जवळपास तीच. पण तिकीटबारी बदलली तसा प्रकारही बदलला: छोटं, वेगवान, उत्तर भारतातल्या माणसालाही चटकन कळेल असं. यात कोणाला नावं ठेवायचं कारण नाही. पैसा जिथून येतो तिकडे तोंड करून माणूस उभा राहतो, एवढंच.

तमाशाचे फडही हेच सांगतात. तंबू ठोकून तिकिटावर खेळ करायचा असेल तर आत बसलेल्या प्रत्येकाला खूश करावं लागतं. गावाने वर्गणी काढून जत्रेसाठी सुपारी दिली असेल तर खेळ गावासाठी असतो आणि पाटलापासून पोरांपर्यंत सगळ्यांची नजर सांभाळावी लागते. कलाकार तेच, वग तोच, पण रात्र वेगळी होते.

तिसरा पैसेवाला

जाहिरात कमी पडली की तालुक्याच्या चॅनलकडे तिसराच माणूस येतो. वाढदिवसाच्या शुभेच्छा लावणारे पुढारी, उद्घाटनाचं चित्रीकरण मागणारे दुकानदार, बियाणं-खतं विकणारे. यात रोख पैसा असतो, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ चॅनल यावरच जगतात.

अडचण कुठे येते? शेतकरी त्या तरुणावर विश्वास ठेवून एखादं टॉनिक फवारतो, आणि तो व्हिडिओ विकत घेतलेला होता हे त्याला ठाऊकच नसतं. याबाबत आता नियम आहेत. पैसे, फुकट वस्तू किंवा दुसरा काही फायदा घेऊन शिफारस केली असेल तर ते व्हिडिओतच, सहज कळेल असं सांगावं लागतं. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये याच्या सूचना काढल्या. ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि नंतर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. हे फक्त मोठ्या नट-नट्यांसाठी आहे असं समजू नका.

दुसरी अडचण दंडाची नाही. ज्याचा वाढदिवस तुम्ही मार्चमध्ये साजरा केलात, त्याच्या वॉर्डातल्या तुंबलेल्या गटाराचा व्हिडिओ तुम्ही जूनमध्ये करणार का? केलात तर पुढच्या मार्चला पैसे येत नाहीत. नाही केलात तर बघणाऱ्याला ते कळतं. लोक बोलून दाखवत नाहीत, पण कळतं.

वर्गणी: आपला जुना शब्द

आता चौथा रस्ता, म्हणजे बघणाऱ्यांनी पैसे देणं. हे ऐकलं की लोक म्हणतात, ‘हे परदेशातलं खूळ, आपल्याकडे फुकट बघायची सवय आहे.’ थोडं थांबा. ‘सबस्क्राईबर’ला मराठीत शब्द होता: वर्गणीदार. आणि वर्गणीदार म्हणजे पैसे भरलेला माणूस. मासिकाची वर्षाची वर्गणी भरायची आणि अंक पोस्टाने यायचा. साने गुरुजींनी १९४८ मध्ये काढलेलं ‘साधना’ साप्ताहिक आजही वर्गणीदार घेतं. सबस्क्राईब करणं फुकट झालं ते यूट्यूबच्या बटणामुळे. म्हणजे आपल्या तरुणाकडे चाळीस हजार सबस्क्राईबर आहेत आणि जुन्या अर्थाने वर्गणीदार एकही नाही.

वर्गणीचा दुसरा अर्थ तर रोजचाच आहे. गणपती, सप्ताह, जत्रा, मंदिराचा सभामंडप. पावती फाडायची आणि शेवटी फळ्यावर जमाखर्च लिहायचा. ही रीत आपल्या गावांना कोणी ॲप काढून शिकवलेली नाही.

सिनेमातही हे झालंय. १९७६ चा श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला. दहा लाख रुपये जमले आणि पैसे देणारे तो बघायलाही आले. २०१३ चा कन्नड ‘लुसिया’ पवन कुमार यांनी ११० लोकांच्या गुंतवणुकीतून केला. दोन्हींतला फरक बघा. ‘मंथन’मागे सहकारी संघ होता, म्हणजे जमवण्याची यंत्रणा आधीच उभी होती आणि गोष्ट देणाऱ्यांच्याच जगण्याची होती. ‘लुसिया’मागे एका दिग्दर्शकाचं आधीचं काम होतं आणि त्याने लोकांशी थेट बोलण्याची तयारी दाखवली होती. दोन्हीकडे पैसे मागताना काय बनणार हे स्पष्ट होतं.

आणि आपल्याच जिल्ह्यातले, त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके? १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आले तेव्हा पैसा नव्हता. त्यांनी काय केलं, तर वाटाण्याचं रोप कसं वाढतं याचं रोज थोडं थोडं चित्रीकरण करून एक छोटी फिल्म बनवली आणि ती दाखवून भांडवल उभं केलं. मग ‘राजा हरिश्चंद्र’ झाला, ३ मे १९१३ ला लोकांसमोर आला. आज शॉर्ट्सकडे मी असंच बघतो. छोटा व्हिडिओ हा वाटाण्याचा कोंब. तो दाखवून लांब कामासाठी पैसे उभे करायचे. कोंबावरच पोट भरायला गेलं की फसतं.

कळवणमध्ये करायचं तर

आता हिशेबाला बसू. चाळीस हजारांतले दोनशे जण, म्हणजे दोनशेतला एक, वर्षाला ३०० रुपये द्यायला तयार झाले असं धरा. ६०,००० रुपये. महिन्याला ५,०००. मघाच्या दराने एवढ्यासाठी दर महिन्याला १ लाख ६६ हजारांहून जास्त व्ह्यूज लागले असते. यातून घर चालणार नाही, हे उघड आहे. पण महिन्याला दोन व्हिडिओंचा खर्च निघतो, आणि तेवढ्यापुरतं कोणाचं तोंड बघावं लागत नाही.

वर्षाला म्हणालो, महिन्याला नाही. यामागे कारण आहे. यूट्यूबची मेंबरशिप दरमहा असते आणि जमलेल्या रकमेतले ७० टक्के बनवणाऱ्याला मिळतात. पगारदार माणसाला दरमहा ठीक आहे. कळवणच्या शेतकऱ्याचा पैसा दरमहा येत नाही. उन्हाळ कांदा निघाला, विकला, की हातात रक्कम असते. नंतर चाळ रिकामी होईल तशी. म्हणून वर्गणी माल विकायच्या दिवसांत मागावी, एकरकमी, आणि शक्यतो थेट यूपीआयवर, म्हणजे मधला वाटा जात नाही. दरमहा कापून जाणारे पैसे लोकांना आवडतही नाहीत. पैसे कुठे गेले ते कळत नाही म्हणून चिडतात. पावती फाडलेली चालते.

मग लोक पैसे कशाचे देतील? मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली, रोजच्या उपयोगाची आणि वेळेवर येणारी. आठवड्याचा बाजार-आढावा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. इथे चित्रीकरण भारी नसलं तरी चालतं, आकडा चुकलेला चालत नाही.

दुसरी, जी दुसरं कोणी करणारच नाही. चैत्रोत्सवाला खानदेशातून पायी येणाऱ्यांच्या वाटेवरचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ. अहिराणी किंवा कोकणा बोलीत म्हाताऱ्या माणसांशी गप्पा. याला आज व्ह्यूज कमी मिळतील, पण पुण्यात, सुरतेत नोकरीला गेलेला गावचा माणूस यासाठी पैसे देईल. आणि दहा वर्षांनी त्याची किंमत वाढलेली असेल. निर्यातबंदीवरच्या रागाच्या तुकड्याचं तसं होत नाही.

तिसरी, प्रत्यक्ष भेट. पुण्या-मुंबईत ‘भाडिपा’ने २०१६ मध्ये मराठी विनोदी व्हिडिओंपासून सुरुवात केली आणि पुढे स्टँडअपचे तिकीट लावून खेळ केले. गावात एवढ्या मोठ्या सभागृहाची गरज नाही. नवा लांब व्हिडिओ आधी वर्गणीदारांना पडद्यावर दाखवायचा, मग चर्चा. मालेगावच्या पार्लरचीच ही धाकटी बहीण.

एक गोष्ट मात्र कुलपात ठेवू नका: भावाची, पाण्याची, रोगाची माहिती. वर्गणी दिली त्यालाच धरण कधी सुटणार ते कळेल, असं केलंत तर गाव तुमचं राहणार नाही. पैसे दिलेल्यांमुळे सगळ्यांना बघायला मिळतंय, हे सांगण्यात देणाऱ्याचा मान आहे. सप्ताहाच्या पंगतीत पावती बघून वाढत नाहीत ना, तसंच.

मागण्याआधी काय ठरवायचं

रक्कम आणि काम जोडून सांगा. ‘सपोर्ट करा’ म्हटलं की लोक लाईक करतात. ‘सहा व्हिडिओ, विषय हे, खर्च ४८,००० रुपये, त्यात माझी मजुरी इतकी’ म्हटलं की लोक विचार करतात. स्वतःची मजुरी त्यात लिहाच. मित्र फुकट राबले म्हणून सिनेमा स्वस्तात झाला हे एकदा छान वाटतं. दरवर्षी नाही.

रक्कम जमली नाही तर काय, हेही आधी सांगा. पैसे परत, की कमी व्हिडिओ?

जमाखर्च दर सहा महिन्यांनी दाखवा. देणाऱ्यांची नावं त्यांच्या परवानगीशिवाय नको. कोणी मोठी रक्कम देऊ केली तर एका माणसाकडून किती घ्यायचे याची मर्यादा ठेवा. नाहीतर दोनशे वर्गणीदारांच्या आडून पुन्हा एकच पैसेवाला उभा राहतो.

कायद्याचं थोडक्यात. लोकांनी प्रेमाने दिले तरी कामासाठी आलेले पैसे हे उत्पन्न आहे, विवरणपत्रात दाखवावं लागतं. देणाऱ्याला करसवलत मिळेल असं सांगू नका. ती नोंदणीकृत, मान्यता मिळालेल्या संस्थांच्या देणगीवरच मिळते. आणि बातम्या, चालू घडामोडी देत असाल तर परदेशी नागरिक वा संस्थेकडून देणगी घ्यायला परकीय योगदान कायद्यात बंदी आहे. म्हणून ‘अमेरिकेतले मित्र पाठवतील’ म्हणण्याआधी सीएला विचारा.

यात धोका नाही का?

आहे. पैसे दिलेला माणूस कधीकधी मालक होतो. ‘आमच्या समाजाविरुद्ध का बोललास, मी ३०० रुपये भरलेत.’ त्याला ३०० रुपये परत करता येतात, आणि हेच या रस्त्याचं बळ आहे. दोनशेतला एक गेला तर चॅनल बुडत नाही. एकमेव जाहिरातदार गेला तर बुडतं.

दुसरा धोका आळसाचा. दोनशे जण टाळ्या वाजवतात म्हणून माणूस त्यांच्याचसाठी बोलू लागतो. यावर उपाय म्हणजे शॉर्ट्स चालूच ठेवायचे, दार उघडं राहतं, नवी माणसं येतात. फक्त कोणतं काम कोणासाठी हे वहीत लिहून ठेवायचं. एक मिनिटाचा तुकडा अनोळखी माणसाला बोलावण्यासाठी. लांब व्हिडिओ आपल्या माणसासाठी. जाहिरातीचे येतील ते वर.

आणि तिसरा, सगळ्यात साधा: लोक देणारच नाहीत. दोनशे सोडा, वीसच जण आले. तेही कळणं कामाचं आहे. मग एक तर काम अजून लोकांच्या गरजेचं झालेलं नाही, किंवा मागायची रीत चुकतेय. व्ह्यूजचा आकडा हे कधीच सांगत नाही. तीनशे रुपयांची पावती सांगते.

आता तुमच्याकडे येतो, ऐकणाऱ्यांकडे. तुमच्या तालुक्यात असं एखादं चॅनल असेल, ज्याच्यावरून तुम्ही माल कधी काढायचा ते ठरवता, किंवा ज्यात तुमच्या आजीची बोली ऐकू येते. ते बंद पडलं तर तुमचं काय अडेल याचा विचार करा. अडणार असेल तर त्याने मागायची वाट बघू नका. यंदाचा कांदा विकला की त्याला फोन करा आणि विचारा, ‘भाऊ, वर्गणी किती?’

पुढच्या भागात भेटू. राम राम मंडळी.